पाजायची सुट्टी

कुरकुंभच्या कारखान्यात मी लागले तेव्हा पॅकिंगमध्ये एक नियम होता. पोट दिसायला लागलं की बाईनं काम सोडायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि कुणी तो सांगतही नसे. एखादी बाई येईनाशी व्हायची, तिच्या जागेवर दुसरी यायची, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचं, "तिला दिवस गेले न्हवं." एवढ्यावर विषय संपायचा. वर्षादोन वर्षांनी ती परत आलीच तर नवीन म्हणून यायची, अगदी खालच्या पगारावर.

आमचा कारखाना गोळ्या-औषधांचा. मशीनमधून गोळ्यांच्या स्ट्रिप बेल्टवर यायच्या. त्या तपासायच्या, फाटक्या-रिकाम्या बाजूला काढायच्या, बाकीच्या खोक्यात भरायच्या. बेल्टच्या एका बाजूला आम्ही बायका आणि दुसऱ्या बाजूला गडी. गड्यांना ऑपरेटर म्हणायचे, आम्हाला हेल्पर. काम एकच, बेल्टही एकच. पगार मात्र नावाप्रमाणे.

मी दौंडची, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. रुळावरची खडी सारण्यात त्यांचा जन्म गेला. आई मी शाळेत असतानाच वारली. आप्पांनी मला शिरूरला मामाकडं ठेवून बी. एस्सी. केलं. लग्नही शिरूरच्याच घरात झालं. नवरा एसटीत कंडक्टर, डेपो शिरूर. नोकरी मात्र मला मिळाली कुरकुंभला. मग असं ठरलं की मी दौंडला आप्पांजवळ राहायचं, कंपनीच्या बसनं कामाला जायचं, आणि नवऱ्यानं साप्ताहिक सुट्टीला यायचं. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. लग्न होऊन पोरगी माहेरीच राहते म्हटल्यावर गावात लोक काय बोलत असतील ते त्यांनाच ऐकावं लागत होतं, आणि ते माझ्याही लक्षात यायचं.

मला दिवस गेले तेव्हा पॅकिंगमधल्या मावशींनी सगळ्यात आधी ओळखलं. मावशी कुरकुंभच्याच, शेतकऱ्याघरच्या. आमच्यात वयानं सगळ्यात मोठ्या. हात धुताना हळूच म्हणाल्या, "मग, कवा सोडतीस?"

त्यात काही खोच नव्हती. पुढचा पाऊस कधी, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. मीही मनातल्या मनात सोडण्याच्या महिन्याचा अंदाज बांधला होताच.

आमच्या गल्लीत सरकारी दवाखान्यातली एक नर्स राहायची. तिच्याकडं तपासायला गेले तेव्हा मी सहज बोलले की आता दोन महिन्यांनी नोकरी सोडणार. तिनं ब्लडप्रेशरचा पट्टा माझ्या दंडावर तसाच ठेवला आणि विचारलं, "का?"

"तिथं तशीच रीत आहे."

"रीत असेल. कायदा तसा नाही. मला बाळंतपणाची सुट्टी मिळाली, भरपगारी. तुलाही मिळायला पाहिजे."

"तुमची सरकारी नोकरी आहे, ताई."

"कायदा काय फक्त सरकारी बायकांसाठी केलाय का? कारखान्यातल्या बाईलाही आहे तो. आणि कामावर गेल्यावर बाळाला पाजायला दोनदा सुट्टी द्यावी लागते. मूल सव्वा वर्षाचं होईस्तोवर." मग पट्ट्यात हवा भरत म्हणाली, "मागून तर बघ. नाही म्हणाले तर मला सांग."

ऑफिसात जायला मला आठ-दहा दिवस लागले. तोंडात शब्द जुळवायचे आणि पुन्हा गिळायचे. शेवटी एकदा पर्सोनेलच्या साहेबांपुढं उभी राहिले. ते साहेब वाईट नव्हते. पुण्याहून रोज येऊन-जाऊन करायचे, कुणावर ओरडायचे नाहीत. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, असं आजवर कुणी मागितलेलंच नाही."

"मग मी मागते, साहेब."

त्यांनी पुण्याच्या ऑफिसात फोन केला. तिकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही, पण आठवड्याभरानं त्यांनी बोलावून सांगितलं की सुट्टी मंजूर आहे, पगारासकट. तेव्हा ती बारा आठवड्यांची असायची. मी पॅकिंगमध्ये येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मावशी म्हणाल्या, "बघ बाई, शेवटी हातावर काय ठिवत्यात ते." पण त्यांच्या तोंडावर हसू होतं.

मुलगी झाली. बाराव्या आठवड्याला पुन्हा कामावर जायची वेळ आली आणि खरा पेच तेव्हा उभा राहिला. पाजायची सुट्टी साहेबांनी मान्य केली होती. बेल्टवरून उठून पाव तासात परत यायचं. पण बाळ दौंडला आणि मी कुरकुंभला. सुट्टी होती, जवळ लेकरू नव्हतं. कारखान्यात तीसच्या वर बायका असतील तर पाळणाघर ठेवावं लागतं, हेही नर्सबाईनंच सांगितलं होतं. आमच्याकडं बायका तीसच्या आतच असायच्या. एक वाढली की दुसरीला ब्रेक, म्हणजे घरचा रस्ता, मिळायचा. हे ठरवून चालायचं की आपोआप, ते मला कधी कळलं नाही.

नवरा सुट्टीला आला होता. लेकीला मांडीवर घेऊन म्हणाला, "आई म्हणते, एक-दोन वर्षं घरी राहा. नंतर बघू."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं लेकीचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाला, "मला एवढंच वाटतं की मला घरी राहता येत नाही. ड्युटी बदलून घेऊन हा दिवस मिळवलाय. बाळ झालं तेव्हाबी मी गाडीवरच होतो."

आप्पा उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती वाजता पाजायचं आसतं?"

मी सांगितलं.

"मी घिऊन येतो फाटकावर."

आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. या माणसानं मला किंवा माझ्या भावाला लहानपणी कधी उचलून घेतल्याचं मला आठवत नाही. आई आम्हाला झोळीत घालून रानात खुरपायला जायची. आप्पा संध्याकाळी यायचे तेव्हा हातापायाला ग्रीस आणि धूळ. लांबूनच विचारायचे, "जेवली का पोरं?" बस्स. रिटायर झाल्यापासून ते दिवसभर स्टेशनबाहेरच्या पारावर जुन्या गँगमनांबरोबर बसायचे.

"आप्पा, तुम्हाला जमेल का?" मी विचारलं.

"रूळ हालवलेत म्या. ही काय रुळापरीस जड हाय व्हय?"

पहिल्या दिवशी मी बेल्टवर होते पण माझं चित्त फाटकावर होतं. वेळ झाली तशी जवळजवळ पळतच बाहेर गेले. आप्पा बाभळीखाली उभे होते. डोक्याला फेटा, खांद्याला पिशवी, आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली माझी लेक छातीशी. दौंडहून वडापच्या जीपमध्ये, माणसांच्या गर्दीत, तिला घेऊन आले होते. मला बघताच म्हणाले, "रडली न्हाई. जीपमदी समद्यांनी इचारलं, आय कुठं हाय पोरीची? म्हनलं, कामावर हाय." आणि लेक माझ्याकडं देत, "एक जण म्हनला, मंग तुमी काय करता? म्हनलं, मीबी कामावरच हाय."

फाटकाचा वॉचमन बिहारचा होता. त्यानं पहिल्या दिवशी आप्पांना केबिनमध्ये खुर्ची दिली. "बाबा, अंदर छाँव में बैठो." पण दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला. केमिकलचा कारखाना आहे, फाटकाच्या आत लहान मूल चालणार नाही. वॉचमनला बिचाऱ्याला फार वाईट वाटलं. त्याची स्वतःची पोरं गावी होती, त्यानं त्यांना वर्षभर पाहिलं नव्हतं. त्यानं फाटकाबाहेरच्या बाभळीला आणि कुंपणाच्या खांबाला सुतळी बांधून गोणपाटाचा आडोसा करून दिला. त्या आडोशामागं बसून मी लेकीला पाजायचे. बाहेर हायवेवरून ट्रक जायचे, हवेत औषधांचा तो कडवट वास असायचा, आणि आप्पा पाठ करून उभे राहायचे, कुणी येऊ नये म्हणून.

सुरुवातीला लोक हसले. शिफ्ट बदलताना गडी माणसं फाटकावरून जाताना थांबायची. "काय आप्पा, लागली का नोकरी कंपनीत?"

"लागली की," आप्पा म्हणायचे. "पगार न्हाई, पर काम रोजचं हाय."

हळूहळू हसणं थांबलं. ऊन वाढलं तसं आप्पा पाण्याची बाटली, ओलं फडकं, एक जुनी छत्री असं सगळं आणायला लागले. लेकीचं अंगडं बदलायला शिकले. पहिले काही दिवस ते उलटंच घालायचे. मी काही बोलले नाही, पाठ फिरवून हसून घेतलं.

पॅकिंगमध्ये कुरकुंभचीच एक तरणी बाई होती. तिचं पोर वर्षाच्या आतलं, आजारी नणंदेच्या भरवशावर घरी टाकून यायची. एक दिवस ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली आणि आप्पांना म्हणाली, "आप्पा, माझंबी आणू का?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "आण की. सावली काय एकट्या माझ्या नातीची हाय?"

मला मनातून भीती वाटली होती. त्या बाईचं घर आणि आमची गल्ली, यात काय अंतर होतं हे दोघींनाही ठाऊक होतं. तिच्या सासूनं नंतर विचारलंच होतं म्हणे, की पोराला पाणी कुणाच्या हातचं पाजतेस. तिनं मला जेवताना हे सांगितलं. मी विचारलं, "मग काय म्हणालीस?" ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "म्हनलं, आप्पांच्या हातचं. ते पोर त्यांच्या मांडीवर झोपतंय, माझ्या न्हाई झोपत." पुढं आणखी एक पोर आलं. बाभळीखाली गोधडी अंथरली गेली. पारावरचे आप्पांचे सोबती एकदा त्यांना शोधत आले आणि तो देखावा बघून न बोलता चहा पिऊन परत गेले.

त्याच वर्षी कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली. माल भराभर भरायला माणसं हवी होती, आणि बाया स्वस्त पडत होत्या. भांडगावपासून, पाटसपासून बाया आल्या. बघता बघता आम्ही तीसच्या पुष्कळ वर गेलो. स्वस्त म्हणून घेतलेल्या बायांमुळेच कंपनीवर पाळणाघर बांधायची पाळी आली, याचं मला आजही नवल वाटतं.

मग एक दिवस कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला आले. थकलेले, घाम पुसत चालणारे गृहस्थ. साहेब बरोबर होते. अधिकाऱ्यांनी बेल्टपाशी थांबून विचारलं, "बायकांची काही तक्रार?"

कुणी बोललं नाही. त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत पगाराचा विषय निघाला होता. मी म्हटलं होतं, एकाच कामाला बाई-पुरुष म्हणून वेगळा पगार देता येत नाही, तसा कायदा आहे. तेव्हा एका बाईनं मला विचारलं होतं, "पगार सारका केला तर आपल्याला ठेवत्याल कशाला? गडी राती बी येतो. आपल्याला राती यायला सरकारनंच बंदी केलीया. मंग सारक्या पैशात त्ये गडीच घेत्याल की."

खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. ज्या कायद्यानं आम्हाला रात्रीपासून सांभाळलं त्यानंच आम्हाला मागं ठेवलं होतं. आणि तरी रात्रपाळी करून हायवेवरून घरी जायची हिंमत आमच्यातल्या कितीजणींना होती?

त्यामुळं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मीसुद्धा गप्प होते. ते पुढं निघाले होते. तेवढ्यात मावशी बोलल्या. हात बेल्टवर चालूच होते.

"साहेब, तक्रार न्हाई. एक इचारायचं हाय."

"विचारा."

"ह्यो समोरचा माझ्या पोराच्या वयाचा हाय. चांगला हाय पोरगा. त्यो जे करतो त्येच मी करते. त्याला आपरेटर म्हणत्यात, मला हेल्पर. तर मी हेल्प कुणाला करती, तेवढं सांगा."

समोरचा पोरगाच पहिल्यांदा हसला. मग सगळे हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी साहेबांकडं बघून विचारलं, "हे खरं आहे का?" साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "पदनाम वेगळं आहे, सर." अधिकारी म्हणाले, "पदनामाचं नाही विचारलं. काम विचारलं."

त्यानंतर लगेच काही घडलं नाही. आमच्यातल्या काहीजणी मावशींवर चिडल्या. आता सगळ्यांना घालवतील म्हणून दोघी-तिघी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. मावशींनाही धास्ती बसली होती. रोज मी बसमधून उतरले की त्या माझा हात धरायच्या, फाटकावर आज आपल्याला अडवतील का म्हणून. पण पावसाळा संपता संपता बेल्टवरच्या जुन्या बायकांना ऑपरेटरचा ग्रेड मिळाला. सगळ्यांना नाही. नुसती खोकी भरणाऱ्या हेल्परच राहिल्या. ऑर्डर संपल्यावर नव्यातल्या बऱ्याचजणींना कमी केलं, ही गोष्टही खरी. ती बाई, जिनं मला प्रश्न विचारला होता, तीही त्यात गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं." मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. दुसरं काय करणार होते?

पाळणाघर मात्र झालं. फाटकाच्या आत डावीकडं, प्लांटपासून लांब एक खोली बांधली. पंखा, पाळणे, भिंतीवर मोर आणि ससा. उघडण्याच्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले. कडेवर माझी लेक, हाताला ते दुसरं पोर, पाठीला गोधडीची वळकटी. ते सरळ खोलीकडं निघाले. साहेबांनी त्यांना थांबवलं.

"आप्पा, मुलं आत द्या. तुम्हाला आता यायची गरज नाही."

"मंग सांभाळणार कोण?"

"बाई ठेवल्यात. भांडगावच्या आहेत, बालवाडीचं शिकलेल्या."

"त्या येऊ द्या की. मी बी बसतो. ही पोरं वळखत्यात मला."

साहेब अवघडले. "आप्पा, कायद्यात तसं नाही. पाळणाघर बाईच्याच ताब्यात असावं लागतं. पुरुष चालत नाही."

आप्पांनी त्या दुसऱ्या पोराचा हात सोडला. मग त्यांनी लेकीला माझ्याकडं दिलं. म्हणाले, "म्हंजी कायद्यानं बाईला कामावर घेतलं, पर गड्याला लेकराजवळ येऊ दिलं न्हाई."

आप्पा गोधडी तिथंच दारात ठेवून वळले आणि हायवेवर जाऊन वडापची वाट बघत उभे राहिले. वॉचमन त्यांच्याबरोबर गेला. मला बेल्टवर जायचं होतं. लेक खांद्यावरून हात पुढं करून रडत होती, आणि तिचं ते रडणं माझ्यासाठी नव्हतं.

पाळणाघरातल्या बाई चांगल्या होत्या. पोरं रमेनात तेव्हा त्यांनीच मला विचारलं, "तुमचे आप्पा ह्यांना काय म्हणून दाखवायचे?" मी घरी येऊन विचारलं. आप्पा म्हणाले, "काय न्हाई. हायवेवरचे ट्रक मोजायचो, मालगाडीचे डबे म्हनून, मोठ्यांदा." दुसऱ्या दिवसापासून बाई डबे मोजू लागल्या. खोलीतून हायवे दिसत नव्हता, तरी पोरं ऐकत बसायची.

त्या बाईंचा पगार वॉचमनपेक्षा कमी होता. हे आप्पांना वॉचमननंच सांगितलं असणार. एकदा जेवताना ते म्हणाले, "फाटक राखणाऱ्याला जास्त आन् लेकरं राखणाऱ्याला कमी. फाटक काय रडतं का? त्याला हगायला लागतं का?" मी पुढं कामगारांच्या बैठकीत हे मांडलं, दोनतीनदा मांडलं. प्रत्येक वेळी उत्तर आलं की त्यांचं काम बसून आहे. वॉचमनही बसूनच असतो, हे म्हटलं की सगळे हसायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. मी नोकरीत होते तोवर ते काही बदललं नाही. मी मात्र त्याच कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर झाले, आणि पोटुशा बाईनं काम सोडायची रीत तिथून गेली ती गेलीच.

पाळणाघर सुरू झाल्यावर आप्पा काही दिवस घरात नुसते बसून असायचे. पारावर गेले नाहीत. मी संध्याकाळी आले की लेकीला माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घ्यायचे. मग सासूबाई काही दिवस आमच्याकडं येऊन राहिल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आप्पांना लेकीला न्हाऊ घालताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, आता बोलणार. पण जेवताना त्या म्हणाल्या, "व्याही, तुमच्या जावयाला बी शिकवा जरा." नवरा मान खाली घालून भात कालवत होता. त्या सुट्टीला त्यानं लेकीला न्हाऊ घातलं. निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर घेतलं.

पुढं आमच्या गल्लीत एक तरुण रेल्वेत लागला. त्याची बायको शाळेत शिक्षिका. तिची सुट्टी संपून ती कामावर गेली, त्या दिवशी त्याची रजा होती. सकाळी दार वाजलं. मी उघडलं तर तो तान्ह्या पोराला दोन्ही हातांवर ताटासारखं धरून उभा. पोर लालेलाल होऊन किंचाळत होतं. मी हात पुढं केले. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "आप्पा हायेत का? ह्याला दूध पाजलं, पर गप ऱ्हाईना. काय करायचं?"

आप्पा आतून आले. पोराला घेतलं नाही. त्याच्या बापाचेच हात धरले आणि म्हणाले, "हितं मान धर. आता खांद्यावर घे. पाठीवरनं हात फिरव, हळू. रूळ न्हाई त्यो."

पोरानं मोठा ढेकर दिला.